निळी अंडी, वेगळी गोत्रं

४ नोव्हेंबर
चोवीस अंडी उबवणीच्या मशीनमध्ये ठेवली. हिरवट झाक अजिबात नाही, टरफल थेट निळं. पाच वर्षांत प्रथमच. पिवळ्या कड्याचा कोंबडा, तांबड्या कड्याच्या कोंबड्या. पायातलं कडं बापावरून, म्हणजे गोत्रच. सगोत्र जमवायचं नाही, हे आमच्या परसातलं धर्मशास्त्र. शेजारचे चौहानजी कुंपणावरून: "पंडितजी, मुर्गियों की भी कुंडली?" म्हटलं, भिया, तुमच्या जावयापेक्षा जास्त चौकशी केलीय.

७ नोव्हें.
धारहून थोरल्या आक्काचा फोन. "नाना, मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क. माझ्या समीरसाठी तुझी ऋता मागते. गोत्र वेगळं, मग अडलंय कुठे?"
अडलं कुठेच नाही. माझंही असंच झालं, कुमुद माझ्या मामाची मुलगी. इकडचे लोक ऐकून कानांवर हात ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या माळव्यात काढल्या, पोहे-जिलबी घेतली, पण ही चाल सोडली नाही.
ऋताला समीर आवडतो. लपवते. फार वाईट लपवते.

११ नोव्हें.
अंडी उजेडावर धरून पाहिली. बाविसांत जीव. लाल शिरांची जाळी. कु. म्हणाली, "मुलीच्या साड्या बघायच्या सोडून अंडी काय बघता?"

२२ नोव्हें.
पुन्हा पाहिली. आठ अगदी गप्प. ऊब बरोबर, पाणी बरोबर, वीज एकदाही गेली नाही. देवासात हाच एक चमत्कार.
सर्वांत निळी तीच आठ.

२५ नोव्हें.
एकविसावा दिवस. तीन फुटली. एकाची मान उलटी वळलेली, दुपारी गेलं. बाकीची आतून टोचतसुद्धा नाहीत.

२७ नोव्हें.
उरलेली मीच फोडली. पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं आलेली, चोच टरफलाला टेकलेली. तेवढंच राहिलं होतं.
कोंबड्यांची वही काढली. पिवळ्याची आई: नीलकांती कोंबडी. तांबड्यांची आई: नीलकांती. बाप दोन, गोत्रं दोन, आई एकच. सर्वांत निळी घालायची म्हणून दोन्हीकडे तीच. कड्यात आई येतच नाही.
शास्त्र आईकडच्याही पाच पिढ्या टाळायला सांगतं. मी वर्गात शिकवतो. आणि लगेच देशाचार म्हणून सूटही शिकवतो, हसत.

२८ नोव्हें.
कु.ला सांगायला गेलो. "कोंबड्यांवरून माणसांचं काढू नका." मग बराच वेळ भाजी निवडत राहिली. "आणि पहिल्याचं तर मुळीच नाही."
मी काढलंच नव्हतं.
चार दिवस होता. डॉक्टर म्हणाले कमजोर, आम्हीही कमजोर म्हणालो. तेव्हापासून आम्ही दोघं…

३० नोव्हें.
वहीच्या मागच्या पानावर माणसं मांडली. उद्या ऋता-समीरला मूल झालं, तर त्याच्या वर चौथ्या पायरीला सोळा जागा. माझे आजोळचे आजी-आजोबा तीन ठिकाणी बसले. माणसं दहाच भरली.
इंदूरच्या डॉक्टरीणबाई फोनवर: "घाबरू नका. होईलच असं नाही. पण दोघांची तपासणी करा, आणि लग्न ठरायच्या आधी करा."
आक्का चार तारखेला सुपारी फोडायला येतेय. तिला उद्या फोन.

२ डिसेंबर
उद्या.

३ डिसें.
खुराडं झाडताना ऋतानं वही उघडली. "बाबा, कोंबड्यांच्या वहीत माझं नाव?"
सांगितलं. सगळं. पहिल्याचंही. आपल्याला भाऊ होता हे तिला आज कळलं.
"और आप चुप थे?" रागावली की हिंदीत जाते. समीरला फोन लावला, उचलायच्या आत ठेवून दिला.

४ डिसें.
अकरा वाजता आली. आक्का, भाऊजी, समीर. खण, नारळ, पेढे. आक्का दारातूनच: "सूनबाई, आधी पाणी!"
आत ऋता मला म्हणाली, "तुम्ही बोलता की मी?"
म्हटलं, चहा होऊ दे.
तिनं माझ्याकडे पाहिलं, तांब्या घेतला, बाहेर गेली. कु. गॅस बंद करून ओटा धरून उभी आहे. मी आतल्या खोलीत हे लिहितोय, जणू लिहिणं हे काम आहे.
आत्तापर्यंत आक्काचं हसणं ऐकू येत होतं. समीर काहीतरी विचारतोय, हळू. ऋताचा आवाज, सगळं सांगतेय. मराठीत.