अमिहान खाली येणार नाही

हारो, १८ जानेवारी

चि. सोलिंग,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. नातीच्या आजाराला डॉक्टरीणबाईंनी अखेर नाव दिलं: क्रॉनिक फटीग सिंड्रोम. औषध म्हणशील तर विश्रांती, तीही थकायच्या आधी. अंघोळ झाली की पडायचं, दोन घास खाल्ले की पडायचं. रोज तासभर खिडकीत बसायची परवानगी आहे. तेवढ्यावर अमिहान खूश असते.

शेजारणी विचारतात, गाल तर गुलाबी आहेत, मग हा कसला आजार? अकरा वर्षांची मुलगी, आणि वडीलधारं माणूस दारात आलं तरी जिना उतरून आशीर्वादासाठी त्याचा हात आपल्या कपाळाला लावत नाही! तिची आई सिंगापूरला. नावं ठेवतील ती मला. दोन फेब्रुवारीला, कांदेलारिया मातेच्या सणाला अख्खी गल्ली जेवायला येईल. त्या दिवशी तिला पांढरा फ्रॉक घालून खाली उभी करणार आहे. ती हो म्हणाली आहे. घंटा झाल्यावर अंथरुणात सापडलेल्या मुलीला आपल्या शाळेच्या बोर्डिंगातल्या सिस्टर काय म्हणायच्या, आठवतं ना?

माया पातळ करू नकोस.
तुझी पेतुआ

बाकोलोद, २७ जानेवारी

ती. मानांग,
थोरल्या ताईचा हात माझ्या कपाळाला. सिस्टर मला काय काय म्हणायच्या, तरी मी सुधारले नाही! पण ताठ उभं राहणं हेही त्या पोरीला कष्टच, असं डॉक्टरीणबाई सांगतात ना? मग लोकांना भाजलेलं डुक्कर वाढ, नात कशाला वाढतेस? माझे गुडघे तुमच्या बेटावर येणाऱ्या बोटीत चढू देत नाहीत, नाहीतर जिन्यात मीच आडवी पडले असते.

रागावलीस तरी लोभ ठेव.
सोलिंग

हारो, ९ फेब्रुवारी

चि. सोलिंग,
आज आशीर्वाद द्यायलाही हात उचलवत नाही. तुझं पत्र सण उलटल्यावर मिळालं. अमिहान उभी राहिली. येईल त्याचा हात कपाळाला लावला, हसली. सगळे म्हणाले, वळण असावं तर पेतुआच्या नातीसारखं. मी तरंगत होते. दुसऱ्या दिवशीही ती बरी होती. तिसऱ्या दिवशी चमचा उचलवेना, उजेड सोसवेना. आल्याची पेज मीच भरवते.

खरी गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरीणबाई घरी आल्या, सणाला तिने काय काय केलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, काही नाही, नेहमीसारखी खिडकीत बसली होती. अमिहानने उशीवरूनच हो म्हणून मान हलवली. मग तासभर बसणंही तिला जड जातंय असं ठरवून त्यांनी खिडकी बंद केली. मी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं. पत्र फाडून टाक.

पेतुआ

बाकोलोद, १३ फेब्रुवारी

ती. मानांग,
नमस्कार नंतर. पत्र फाडलं. पण मला सांगून काय उपयोग? तिला तपासणारी मी आहे का? हे मिळताच जीप पकड आणि दवाखाना गाठ. लाजेने अजून कोणी मेलं नाही. तिकडे पोरीची खिडकी गेली. महिनाअखेरच्या रविवारी मी येते, गुडघ्यांसकट.

सोलिंग

हारो, १८ फेब्रुवारी

चि. सोलिंग,
सांगून आले. बाकावर बसलेल्या बायकांसमोरच सांगितलं, नाहीतर पुन्हा गिळलं असतं.  डॉक्टरीणबाई एवढंच म्हणाल्या, आधी पुरती विश्रांती, मग खिडकी थोडी थोडी परत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

घरी येऊन अमिहानला विचारलं, तू का गं मान हलवलीस? डोळे मिटूनच म्हणाली की परक्यांसमोर आजीला खोटं पाडायचं नसतं, हे मीच तर तिला शिकवलंय.

अमिहान खाली येणार नाही, असं दारात येणाऱ्या प्रत्येकाला आता सांगते, मान खाली घालून. तू तेवढी वर ये. चपला खालीच काढ, हाका मारू नकोस. ती उठणार नाही. तूच वाक, आणि तुझा हात तिच्या कपाळाला लाव.

वाट पाहणारी,
पेतुआ