बाईंचं पान आणि न उघडलेल्या प्रती

३ फेब्रुवारी, मंगळवार. अमरावती

सकाळी इंटरनेटवरचा मुक्त ज्ञानकोश उघडला तर सुमनबाईंवर मी लिहिलेल्या लेखावर लाल पाटी. 'तिन्ही संदर्भांचे दुवे मृत. सात दिवसांत पडताळता येईल असा संदर्भ न मिळाल्यास लेख वगळावा.' खाली सही 'पडताळा' नावाच्या सदस्याची. माणूस कोण, कुठला, माहीत नाही. इथे सगळे मिळून लिहितात आणि कुणी कुणाला ओळखत नाही. भाषा फार सभ्य आहे, त्यामुळे राग जास्त आला.

तसं घाबरायचं कारण नाही. तिन्ही संदर्भ अकोल्याच्या एका बातम्यांच्या संकेतस्थळाचे. ते बंद होणार असं दिवाळीनंतर कळलं, तेव्हाच तिन्ही पानं जुनी वेबपानं साठवणाऱ्या अभिलेखागारात जतन करून ठेवली होती. मेलेले दुवे काढायचे, जतन केलेले डकवायचे. कॉलेजातून आले की करते.

संध्याकाळी

जतन केलेली पानं उघडली. तिन्हींत तेच. 'पुढे वाचण्यासाठी नोंदणी करा.' पांढरी चौकट, फोन नंबर टाकायची जागा, बस. मजकुराची एक ओळ नाही.

जतन केलं तेव्हा हिरवी खूण आली आणि मी पुढच्या दुव्याकडे वळले. उघडून बघितलं नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात परत आलेलं प्रत्येक पुस्तक मी आतून चाळून घेते, पोरं कंटाळतात इतकं. आणि इथे कव्हर बघून ठेवून दिलं. स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्या असं वाटतंय.

४ फेब्रु., बुध.

सु.बाईंचा फोन. दर बुधवारी येतो. एक्क्याऐंशी वर्षांच्या, तेल्हाऱ्यात एकट्या राहतात. बायकांसाठी वाचनालय काढलं, हातपाय चालले तोवर चालवलं. मला वाचायचं वेड लागलं ते तिथेच. कोशातल्या लेखाची छापील प्रत प्लास्टिकमध्ये घालून त्यांनी वाचनालयाच्या भिंतीवर लावली आहे, येईल त्याला वाचून दाखवतात.

"माह्यं पान हाये नं?" हा दर बुधवारचा प्रश्न. हो म्हटलं. मग राहवेना, थोडं सांगितलं, पुरावा मागताहेत म्हणून.

"मी जिती हाओ नं अजून. मले इचारा म्हना."

हसू आलं. कोशात जित्या माणसाचं तोंडी बोलणं चालत नाही, कुणीतरी छापलेलं लागतं. हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

५ फेब्रु.

बाईंवर लिहिणाऱ्या त्या संकेतस्थळाच्या पत्रकाराचा नंबर बंद. ते संकेतस्थळ कागदावर कधी निघालंच नव्हतं, त्यामुळे कात्रणाचा प्रश्न नाही. जिल्ह्याच्या जुन्या स्मरणिका चाळल्या, त्यात सगळे पुढारीच. बाईंचं नाव कुठेही नाही.

आमचे अविनाश म्हणाले, "एका पानासाठी बीपी वाढवून राहिली तू." पानासाठी नाही हो. हे पान गेलं तर ही बाई होऊन गेली हे सांगणारं दुसरं काहीच नाही. आणि ते माझ्या आळसाने जाणार.

६ फेब्रु.

सापडलं!! अभिलेखागारात एकाच पानाच्या तारीखवार प्रती असतात, हे मीच नव्यांना शिकवते. डोकं ठिकाणावर नव्हतं. पत्रकाराच्या मुख्य लेखाची माझी प्रत शेवटची. तिच्या आधीची एक, लेख आला त्याच्या तिसऱ्याच दिवशी कुणी अनोळखी माणसाने जतन केलेली. पूर्ण मजकूर. त्याला उदंड आयुष्य लाभो.

या वेळी शहाणपण केलं, शेवटपर्यंत वाचलं.

दुसऱ्या परिच्छेदात आहे की वाचनालय सुरू झालं ते गोदाबाई या शेतमजूर बाईच्या ओसरीत. तिला अक्षर येत नव्हतं. अकरा वर्षं जागा तिची, रोज झाडून सतरंजी टाकणारी तीच.

मी वाचला तेव्हा हा परिच्छेद नव्हता. कोशात मी दिलेल्या संदर्भात 'पाहिल्याची तारीख' बघितली, ती लेख आल्याच्या वर्षभरानंतरची आहे. मधल्या काळात कुणीतरी काढला. आणि मी कोशात लिहून मोकळी, 'सुमनबाईंनी स्वतःच्या घरात सुरू केले.'

ती ओसरी मला आठवते, बाईंचीच असं धरून चालले होते. तांब्याभर पाणी आणून ठेवणारी एक बाई आठवते. ती कोण, हे मी कधी विचारलंच नाही.

८ फेब्रु., रवि. तेल्हारा

अकोल्याला बस बदलून बारापर्यंत पोचले. बाईंनी भाकरी, वांग्याची भाजी करून ठेवली होती. जेवण होईपर्यंत विषय काढला नाही. मग मोबाइलवर उघडून तो परिच्छेद वाचून दाखवला.

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "मीच सांगतलं होतं काढाले."

मग हळूहळू सगळं बोलल्या. सरकारी मान्यता मिळाली, वाचनालय नव्या खोलीत गेलं, पाटी लागली. पाटीवर एकट्या बाईंचं नाव. गोदाबाई उद्घाटनाला आली, पाटी दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि पुन्हा कधी आली नाही. चार घरं सोडून राहायची. वारली तेव्हाही दोघी बोलत नव्हत्या. पत्रकाराला हे गावात कुणीतरी सांगितलं. लेख आल्यावर बाईंनी त्याला फोन करून तेवढं काढायला लावलं.

"लोक इचारतीन, पाटीवर तिचं नाव काहून नाई. काय सांगू मी त्याइले?"

निघताना हात धरला. "मी हाओ तवर राहू दे. मंग लिव तुले लिवाचं थे."

बसमध्ये रडू आलं. राग कुणाचा, कळेना. बाईंचा आला, आणि त्यांची कीवही आली.

९ फेब्रु.

'पडताळा' विचारतो, 'काही प्रगती?' उत्तर दिलं नाही.

दुवा दिला तर तो वाचेल, वाचणाऱ्यांतला आहे. मग गोदाबाईंचं नाव लेखात यावंच लागेल. भिंतीवरचं पान खोटं ठरेल, तेही बाईंच्या डोळ्यांदेखत. दुवा नाही दिला तर लेख जाईल, दोघीही जातील. बाई असेपर्यंत थांबायला कोश थांबत नाही.

दुपारभर ग्रंथालयात एकही नोंद धड झाली नाही.

१० फेब्रु., मंगळ.

मजकूर तयार. 'सुमनबाईंनी गोदाबाईंच्या ओसरीत सुरू केले.' पुढे दुवा. 'प्रकाशित करा' दाबलेलं नाही.

अकराला बाईंचा फोन. आज मंगळवार असून.

"गोदीचं नाव थ्या जुन्या कागदावर अजून हाये?"

"आहे."

"पुसता येते काय थे?"

नाही म्हटलं, आता ते कुणालाच पुसता येत नाही.

मग म्हणाल्या, "वाच बरं एकडाव. पयल्यापासून."

वाचलं. गोदाबाईंचा परिच्छेद आला तसं त्यांनी मध्येच थांबवलं आणि तोच पुन्हा वाचायला लावला. सतरंजीचा उल्लेख आला तसं म्हणाल्या, "हिरवी होती." लिव म्हणाल्या नाहीत, नको लिवू असंही नाही. "बुधवारी करतो फोन," म्हणाल्या आणि ठेवला.

बुधवार उद्या. पान आहे ना, हे विचारतीलच. लेख ठेवायचा की वगळायचा ही कोशावरची चर्चा आज सहाला बंद होते, आणि आत्ता पाच वाजून गेलेत.