पेननं लिहिलेल्या चिठ्ठ्या

दीक्षाताई,

तू लावून दिलेली सदर बाजारातली नोकरी मी न सांगता सोडली, तेव्हापासून तू बोलत नाहीस. दीड वर्ष झालं.

आता मी कॉलेजच्या एका मॅडमसाठी भुंगेरे पकडतो. हसू नको वं! कन्हान नदीच्या दोन्ही काठांवर मातीत प्लास्टिकचे ग्लास गाडायचे, अन् सकाळी त्यात पडलेले भुंगेरे स्पिरिटच्या शिशीत टाकायचे. तिथं एक खंड्या येते, काय निळा आहे! जाऊ दे, ते नंतर सांगतो.

शिशीतल्या चिठ्ठ्या मी पेननं लिहिल्या. स्पिरिटनं सारी शाई धुतली. कोणता भुंगेरा कोणत्या काठचा, कोणालेच कळेना.

मॅडम म्हणाल्या, "प्रशिक, पेन्सिल दिली होती ना तुला?"

माझी बॅग भरूनच होती. पण या वेळी पळालो नाही. बारा दिवस पुन्हा ग्लास गाडले, चिठ्ठ्या पेन्सिलीनं लिहिल्या.

काल डीएनएचा निकाल आला. अलीकडचे काळे, पलीकडचे हिरवट, म्हणून सारे त्यांना वेगळ्या जातीचे समजत होते. निघाले एकाच मायची लेकरं! त्यांना उडता येत नाही. मधात नदी आली अन् लाखो वर्षं भेटच नाही.

आपल्या मधात कोणती नदी आहे वं? तुझ्या मनीषनगरले तर ऑटो येते.

तुझ्या बिल्डिंगखाली बसूनच लिहून राहिलो. हे पत्र आता माझ्या खिशातच ठेवतो. चहा मांड, मी बेल वाजवतो.

बारा दिवस एका जागी टिकलेला तुझा भाऊ,
प्रशिक