पाच चषक आणि चार पट्ट्या

सोमवार, ता. ३

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. सरांनी काल सगळ्यांचे फोन घेऊन कपाटात कुलूपबंद केले. अंतिम सामना सोळा तारखेच्या रविवारी. तोवर शिबिराबाहेर कुणाशी बोलायचं नाही. पण मळके कपडे एक दिवसाआड तुझ्याकडे धुवायला येतातच, म्हणून हे एक नंबरच्या डाव्या मोज्यात कोंबते आहे. गोलकीपरच्या मोज्यात हात घालायची हिंमत जगात फक्त तुझी.

इथे जेवणाच्या टेबलावर रोज एकच भांडण. आमचे मॅनेजरसाहेब, म्हणजे सर, खरंच थोर, की नुसता हवा भरलेला फुगा? वर्तमानपत्रंही त्यावरच रकाने भरतात. सहा वर्षांत पाच चषक, म्हणून कर्णधार त्यांना देव मानते. डावी बचावपटू म्हणते, निवडून निवडून तयार खेळाडू आणले तर कुणीही जिंकेल, यात त्यांचं काय? मी सरांच्या बाजूची. दोन वर्षांपूर्वी मला कोण ओळखत होतं? तू चार मॅनेजरांच्या संघांचे कपडे धुतलेस. तुझं मत कळव, म्हणजे वाद मिटेल.

बाकी ठीक. शनिवारी सरावात डोकं खांबाला जरासं लागलं, विशेष काही नाही.

लोभ आहेच, तो धुण्यात आटू देऊ नकोस.

तुझी
भिंगरी

बुधवार, ता. ५

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि त्यात एक धपाटाही धर.

मोजा उलटा केला आणि पत्र पडलं. मला वाटलं बँडेज. पुढच्या वेळी प्लास्टिकच्या पिशवीत घाल, अर्धी शाई माझ्या बोटांना लागली. माझी शाळा चौथीपर्यंत, तेव्हा चुका काढत बसू नकोस.

लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, मी मोज्यावरून माणसाची करते. पहिला मॅनेजर तोंडाळ होता. दुसऱ्याचा जीव फोटोत. तिसरा तो बुटका मास्तर, नऊ वर्षांत त्याला एकच चषक मिळाला, तोही टवके उडालेला. पण त्याच्या मुलींच्या चड्ड्या चिखलानं माखलेल्या यायच्या आणि जर्सीचे गळे शाबूत. तुमच्या सरांच्या संघाचं उलटं. चड्ड्या बऱ्यापैकी स्वच्छ, आणि गळे सगळ्यांचे चावलेले. शिवण दातांनी कुरतडून कुरतडून दोरे बाहेर. दर महिन्याला मी नवे गळे बसवते. पोटात भीती असल्याशिवाय कुणी कापड चावत नाही.

दुसरं. तुझ्या एक नंबरच्या जर्सीवरून सहा वर्षांत मी चार नावं उसवली. एकीचा खांदा गेला, एकीचा गुडघा, एकीचं मनगट. चौथीचं काय झालं ते कुणी सांगितलंच नाही, नुसता निरोप आला की नाव काढा. नावांच्या त्या चार कापडी पट्ट्या माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात आहेत. वर्तमानपत्रवाल्यांनी चषकांचं कपाट पाहिलं आहे, माझा डबा कुणी पाहिला नाही. पाचवी पट्टी तुझी आहे, म्हणून अजून मत देत नाही.

आता खरं सांग. तुझ्या उजव्या बाहीवर ओकारी होती. तू पाण्यानं पुसलीस, पण साबणाला कळतं. जरासं लागलं म्हणजे किती लागलं?

उत्तर दे, मग लोभाचं बघू.

आजी

शुक्रवार, ता. ७

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

तुझ्यापासून काही लपत नाही, हे मी पाण्यानं बाही पुसतानाच ओळखायला हवं होतं.

खांबाला चांगलंच लागलं, आजी. मिनिटभर मी कुठे आहे तेच कळेना. तेव्हापासून उजेड टोचतो, सकाळी ओकारी होते, आणि लांबून येणारे चेंडू दोन दिसतात. मी डावीकडच्याला धरते, बहुतेक वेळा तोच खरा निघतो. कुणाला सांगितलेलं नाही. इथे भिंतीवर फळा आहे, त्यावर सामन्यात खेळणाऱ्या अकरा जणींची नावं. अंतिम सामन्याआधी जी डॉक्टरांच्या खोलीचं दार ठोठावेल तिचं नाव पुसलं जातं, आणि पुसलेलं नाव परत लिहिलेलं कुणी पाहिलेलं नाही. मागच्या वर्षी मधल्या फळीतल्या मुलीचं तेच झालं.

पण म्हणून सर वाईट नाहीत. मी पुढे कधी यायचं आणि जागेवर कधी थांबायचं, हे त्यांनी चार महिने रोज तासभर माझ्याबरोबर उभं राहून शिकवलं. पायाच्या अंगठ्याची दिशा बघून चेंडू कुठे जाणार ते ते सांगतात. असा माणूस मी पाहिला नाही.

नऊच दिवस राहिलेत. आईबाबांना कळवू नकोस, ते परगावी उगाच घाबरतील. मीच इतकी घाबरले आहे की झोपेतही चेंडू मोजते.

रागावू नकोस, एवढा लोभ ठेव.

भिंगरी

रविवार, ता. ९

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज धपाटा नाही.

तुझ्या पत्रातल्या ओळी एकमेकींच्या अंगावर चढल्या आहेत. तुला त्या सरळ दिसल्या असतील. ते बघून माझ्या हातातून पत्र बादलीत पडलं.

तुला आजवर सांगितलं नाही ते सांगते. तुझा आजोबा रंगारी. एका शाळेची लांबच लांब भिंत रंगवत होता. शिडीवरून पडला, डोकं आपटलं, उठला, हसला, घरी येऊन जेवलाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला डोकं जड आहे, भिंत दोन दोन दिसते. मी म्हटलं, नाटकं पुरेत, अर्धी भिंत राहिली आहे, लोक नावं ठेवतील. तो कामावर गेला. भिंत पुरी केली. शिडीवरून उतरला आणि पायरीवर बसला तो उठलाच नाही. मी सगळ्यांना सांगितलं की हृदय बंद पडलं. भिंत फार छान झाली होती. शाळेचे गुरुजी कितीतरी दिवस तिची तारीफ करत होते.

काल तुमच्या शिबिरात फोन लावला. सरांच्या मदतनिसानं उचलला आणि म्हणाला, सगळ्या ठणठणीत आहेत. आज दुपारी दोन बस बदलून फाटकापर्यंत गेले. पहारेकऱ्यानं सांगितलं की सोळा तारखेपर्यंत कपडे तेवढे आत जातात, माणसं नाहीत.

तू म्हणतेस तुझे सर हुशार. मी कुठे नाही म्हणते? अंगठ्यावरून चेंडू ओळखणारा माणूस हुशारच. पण त्याला पोरीच्या पायाचा अंगठा दिसतो आणि तिचे डोळे फिरलेले दिसत नाहीत, हे कसं? दिसत नसेल तर आंधळा, आणि दिसत असेल तर काय म्हणू? तो शब्द मला येतो, पण पत्रात लिहिण्यासारखा नाही.

डॉक्टरांच्या दारावर जा. हात जोडायची मला सवय नाही, पण जोडले आहेत.

आजी

मंगळवार, ता. ११

ती. आजीस,
न. वि. वि.

आजोबांचं वाचून मी बाथरूममध्ये नळ सोडून बसले.

काल सरांनी मला एकटीला बोलावलं. समोर उभं केलं आणि विचारलं, चेंडू दिसतो ना? मी हो म्हटलं. मग ते कितीतरी वेळ माझ्या डोळ्यांत बघत राहिले. आजी, माझा डावा डोळा तेव्हा फडफडत होता, मला कळत होतं. शेवटी ते म्हणाले, छान, जा. आणि पाठ फिरवून फळ्याकडे बघत बसले.

त्यांना कळलं का? कळून मग छान म्हणाले का? चेंडूची इतकी भीती वाटत नाही जितकी त्या छानची वाटते. पण दार ठोठावायला गेले की हात उचलत नाही. एवढी वर्षं काय मी फळ्यावरून पुसून जायला घालवली?

काय लिहू. असू दे लोभ.

भिंगरी

गुरुवार, ता. १३

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

सामन्याची जर्सी सोबत आहे. नीट ऐक. पाठीवर तुझं नाव मी या वेळी मशीनवर शिवलेलं नाही, हातानं कच्च्या टाक्यानं घातलं आहे. खेळलीस तर टिकेल. डाव्या टोकाला एक दोरा लोंबता ठेवला आहे. ओढलास तर पट्टी एका दमात सुटेल. आजवर त्या जर्सीवरून चार नावं दुसऱ्यांनी काढायला लावली. तुझं कुणी काढायचं ते तुझं तू ठरव. मी जर्सीच अडवून ठेवणार होते, कात्रीही हातात घेतली होती. मग वाटलं, तुझ्या आजोबाचंही मीच ठरवलं होतं.

आणि एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुमच्या सरांचे शर्टही माझ्याकडेच येतात. सगळ्यांत जास्त चावलेली कॉलर त्यांची असते. आतल्या बाजूनं चावतात, वरून दिसत नाही. पाच चषक जिंकलेला माणूस सहाव्याला इतका भितो, आणि ती भीती स्वतःजवळ न ठेवता तुम्हाला वाटून देतो. थोर माणूस स्वतःची भीती स्वतःजवळ ठेवतो. बुटका मास्तर ठेवायचा, त्याच्या रुमालाला पीळ पडलेले असायचे आणि पोरींचे गळे शाबूत. हे माझं मत. तुझ्या मैत्रिणींना सांग, नाहीतर नको सांगूस.

मी भ्याले आहे, पोरी. हे मी तुझ्या आईलाही कधी म्हटलेलं नाही.

आजी

शनिवार, ता. १५

ती. आजीस,
सा. न. वि. वि.

अक्षर माझं नाही. मी डोळे मिटून सांगते आहे आणि इथल्या परिचारिकाबाई लिहून घेताहेत. त्या म्हणतात, ओकारी हा शब्द नको, पण आजीला चालतो म्हटलं.

काल सकाळी सगळ्या सरावाला गेल्या तेव्हा मी दोरा ओढला. खरंच एका दमात सुटला. जर्सी काखेत आणि पट्टी मुठीत धरून दार ठोठावलं. डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांत दिवा धरला आणि लगेच गाडी मागवली. इथे रुग्णालयात डोक्याचे फोटो काढले तेव्हा कळलं, मेंदूच्या आवरणाखाली थोडं थोडं रक्त साकळतंय. मोठे डॉक्टर म्हणाले, अजून एक धक्का बसला असता तर मग बोलायला काही उरलं नसतं. कवटीला भोक पाडावं लागेल की नाही ते दोन दिवसांत ठरेल. तुला आत सोडतील. लवकर ये.

मला स्ट्रेचरवर घातलं तेव्हा सर आले. मी वाट बघत होते, आता रागावतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील, किंवा विचारतील की कधीपासून. पण ते डॉक्टरांकडे वळले आणि म्हणाले, राखीव गोलकीपरला ही जर्सी होईल का?

वाद मिटला, आजी. कर्णधाराला सांगायला मी तिथे नाही, इतकंच.

लोभ घेऊन ये, साबण नको.

भिंगरी

मंगळवार, ता. १८

चि. भिंगरीस,
आशीर्वाद, अगदी घागरभर.

भोक पाडायचं नाही असं मोठे डॉक्टर म्हणाले, तेव्हा तुझ्यासमोर मी खिडकीकडे तोंड केलं होतं. डोळ्यांत कचरा गेला होता, भलतं समजू नकोस. अजून वाचायचं नाही म्हणून हे परिचारिकाबाईंच्या हाती देते, त्या वाचून दाखवतील.

संघ जिंकला. सहावा चषक. वर्तमानपत्रात तुझ्या सरांचा अर्ध्या पानभर फोटो आहे, आणि खाली लिहिलं आहे की आता त्यांच्या थोरपणाबद्दल शंका उरली नाही. भिंत छान झाली आहे.

सामन्याचे कपडे काल आले. राखीव मुलीनं जर्सीचा गळा चावून चावून पार आरपार भोक पाडलं आहे. सरांचा शर्टही होता. चषक हातात आल्यावरही कॉलर ओली होती, दातांच्या खुणा ताज्या.

तुझी पट्टी तू मला दिलीस, पण ती मी डब्यात टाकणार नाही. सोबत पाठवते, ती तुझ्या उशाशी ठेव. डब्यात चारच राहू देत.

आता कामाचं. काल दिवसभर बसून मी सगळ्या जर्सींवरची नावं उसवली आणि परत घातली, कच्च्या टाक्यानं. प्रत्येकीच्या डाव्या टोकाला दोरा लोंबता आहे. मदतनीस विचारत होता, शिवण अशी कच्ची का? मी म्हटलं, म्हातारीचे हात आता चालत नाहीत, बाबा. आणि प्रत्येकीच्या डाव्या मोज्यात एकेक चिठ्ठी घातली आहे. तो दोरा कशासाठी आहे, ते त्यात माझ्या चौथी इयत्तेच्या अक्षरात लिहिलं आहे.

जेव आणि पडून राहा. लोभ तुझ्याकडेच आहे, तो मागायची गरज नाही.

आजी