आंबागडलाही घंटी जाते

आंबागड
दि. ९ जानेवारी २०२५

प्रिय कैलाशदादा,

चंदाचा नमस्कार. लेक सासरी गेली, रिताच्या लग्नाचा शीण आता उतरला असेल. वहिनींचे गुडघे कसे आहेत? इकडे धान मळून घरात आलं. खुशबूची बारावीची परीक्षा जवळ आली.

फोन सोडून ही पत्र काय लिहिते, असं वाटेल. लग्नाहून आल्यावर तुला तीनदा फोन लावला. तू "हॅलो" म्हटलंस की मी धानाचंच बोलत सुटते. म्हणून कागद घेतला.

मांडवात वराकडचे पाहुणे नवीन फाईव्ह-जी फोन दाखवत होते, तेव्हा कोणीतरी तुझ्या जुन्या दुकानाची आठवण काढली. मला किती बरं वाटलं! लाखांदूरच्या बसस्टँडसमोर तुझं सीडीएमए मोबाइलचं दुकान आणि पलीकडे मधुकररावांचं जीएसएमचं. बाजाराला आलेला माणूस आधी दोन्हीकडचं भांडण ऐकायचा, मग फोन घ्यायचा. मधुकरराव म्हणायचे, आमचं कार्ड काढा, कोणत्याही फोनात घाला, जगात सगळीकडे हेच चालते. तू म्हणायचास, अमेरिकेत आमचं आहे, कोरियात आमचं आहे, आणि आवाज पाहा कसा साफ. ना त्यांनी जग पाहिलं होतं, ना तू कोरिया. चहा मात्र दोघं एकाच टपरीवर प्यायचात.

गिऱ्हाईक तरीही अडलं की तू मला फोन लावायचास. "माही बहीण आंबागडच्या किल्ल्याखाली रायते. तिथंही घंटी जाते, पाहा." मी रोवणं सोडून बांधावर यायची, चिखलाचे हात पदराला पुसून फोन उचलायची. "चंदा, आवाज येऊन राहिला का?" "येऊन राहिला, दादा." एवढंच बोलणं. पण दिवसातून दोनदा तुझा आवाज ऐकू यायचा. लग्नानंतर माहेर इतकं जवळ मला कधी वाटलं नव्हतं.

पण मांडवात तू पुढचंही बोललास. "ज्या रेंजची मी गावोगाव ग्वाही देल्ली, तिनंच मायच्या वेळी दगा देल्ला. मंग मले दुकानात बसवेना." मी तिथंच वाढत होते. भांडं घेऊन पंगतीत पुढे सरकले.

दादा, रेंज होती.

त्या दिवाळीला ह्यांनी मला जीएसएमचा फोन आणला होता, रंगीत पडद्याचा. माझी जाऊ वच्छला तुझ्या फोनाला डबा म्हणायची. त्यात कार्ड नव्हतंच, नंबर त्या फोनालाच बांधलेला, म्हणजे तो चालू ठेवायचा तर दोन-दोन फोन बाळगायचे. मला लाज वाटली. मी तुझा फोन बंद करून लुगड्यांच्या पेटीत ठेवला. नवा नंबर तुला कळवायला हवा होता. पण सख्ख्या बहिणीनंच पलीकडच्यांचं कार्ड घेतलं, हे तुला कोणत्या तोंडानं सांगू? आज सांगू, उद्या सांगू करत पंधरा दिवस गेले. तेवढ्यात माय भंडाऱ्याच्या दवाखान्यात पडली.

तू दिवसभर फोन लावत राहिलास. त्यातली बाई सांगत होती, बंद आहे किंवा क्षेत्राबाहेर आहे. शेवटी तुमसरचे आपल्या ओळखीचे धनीरामभाऊ तुझा निरोप घेऊन आंबागडला आले. मी पोचले तोवर माय गेली होती. तू दारातच विचारलंस, "रेंज नव्हती का?" मी म्हटलं, "नव्हती."

महिनाभरात तू दुकान बंद केलंस. मधुकरराव स्वतः समजवायला घरी आले होते म्हणे, तरी ऐकलं नाहीस. तेव्हापासून राईस मिलवर आहेस. मी एक शब्द बोलले असते तर तुझं दुकान राहिलं असतं. मायची नि माझी भेट चुकली ती माझ्यामुळे. तुझ्या टॉवरचा त्यात काही दोष नव्हता.

काय बोलायचं ते मला बोल. वहिनींना सांगितलंस तरी चालेल.

अजूनही म्हणशील तर, तुझी बहीण
चंदा


लाखांदूर
दि. १८ जानेवारी २०२५

चंदास,

पत्र मिळालं. राग आला, खोटं लिहीत नाही. दोन दिवस मिलवर सगळ्यांवर खेकसत होतो. सोळा वर्षं तू मला राखी बांधत राहिलीस आणि हे पोटात ठेवलंस. मला लवकर पचणार नाही.

एक गोष्ट मीही कोणाला सांगितलेली नाही, तुझ्या वहिनीलाही नाही. त्या दिवशी माय सारखी विचारत होती, "चंदाले फोन लागला का?" संध्याकाळी मला राहवेना. मी म्हटलं, "लागला. निघाली ते. बसमध्ये बसली." तिनं विचारलं, लहानी सोबत आहे का. खुशबू तेव्हा वर्षाची होती. मी म्हटलं, आहे. मग तिनं डोळे मिटले, पुन्हा विचारलं नाही. मरत्या मायशी खोटं बोललो म्हणून हे कधी तोंडाबाहेर काढलं नाही.

ती तुझी वाट पाहत तळमळत गेली, असं तू समजत असशील. तसं नाही. तू येऊन राहिली आहेस, या भरवशावर गेली.

पुढच्या रविवारी ये. एकटीच ये. मी रागावणार आहे, ते ऐकून मग राहा दोन दिवस.

म्हणायचं काय त्यात, आहेच मी तुझा
दादा