श्रीदेवीच्या खांद्याला सोसेल अशी बंदूक

शुक्रवार पेठ, सोलापूर
गुरुवार, १९ डिसेंबर

तीर्थरूप शिवानंदमामा यांच्या चरणी सिद्धारामचे शरणु शरणार्थी.

मामा, तुमची तब्येत बरी असेल, गुडघा कलबुर्गीच्या थंडीत फार सतावत नसेल आणि मामींनी तुमच्या चहातली साखर बंद केल्याबद्दल तुम्ही अजून उपोषण सुरू केलं नसेल, अशी आशा करतो. फोन का केला नाही असं विचाराल, तर फोनवर तुम्हाला काही ऐकू येत नाही आणि तुम्हाला ऐकू यावं म्हणून मी जे ओरडतो ते सगळ्या शुक्रवार पेठेला ऐकू येतं. (गेल्या वेळी तुमच्या बद्धकोष्ठाची चौकशी केली, तर समोरच्या किराणावाल्यानं संध्याकाळी इसबगोलाचं पाकीट पाठवून दिलं.) शिवाय विषय बंदुकीचा आहे, आणि तो पेठेत ओरडून बोलण्यासारखा नाही. तुम्ही लष्करात अठ्ठावीस वर्षं काढलीत, सुभेदार म्हणून निवृत्त झालात, म्हणून आमच्या सगळ्या गोतावळ्यात हा प्रश्न विचारावा असं एकच माणूस आहे. अक्षर वाकडं आलं तर माफ करा. माझं उजव्या खांद्याचं गळपट्टीचं हाड मोडलं आहे, हात गळ्यात आहे, बोटं तेवढी हलतात. ते कसं मोडलं ते पुढं येईलच.

भाद्रपदात मक्यात रानडुकरानं आपल्या प्रभुची मांडी फाडली आणि अकरा दिवस दवाखान्यात काढून तो गेला, हे मी तुम्हाला काय सांगावं. तुम्ही मातीला आला होतात. पण मातीनंतर काय झालं ते तुम्हाला कुणी कळवलं नसणार. आपल्यात माणसाला जाळत नाहीत, आपल्याच रानात बसवून मातीत ठेवतात, तसं माझ्या धाकट्या भावाला आपण बांधाच्या कोपऱ्यात ठेवलं. डुकरांना ज्वारीचं सगळं शिवार मोकळं होतं. पण नव्यानं भरलेली माती मऊ असते. महिना व्हायच्या आत त्यांनी तिथं हातभर उकरलं. प्रभुच्या मुलीनं, श्रीदेवीनं, ते सकाळी पाहिलं. तिनं कुणाला न सांगता माती परत ओढली, वर दगड रचले, बाभळीच्या फांद्या टाकल्या, आणि त्या दिवसापासून रोज दिवस कलताना ती काठी आणि पत्र्याचा डबा घेऊन तिथं जाऊन बसते. समाधी पक्की बांधून टाकावी तर आपल्या घरात वर्ष झाल्याशिवाय बांधत नाहीत, आणि श्रीदेवीची आई महानंदा (नवरा गेल्यापासून ती बोलते फक्त रीतीभातीबद्दल) ती रीत मोडू द्यायला तयार नाही. बावीस वर्षांची पोर, कॉलेज सोडून रान सांभाळते, आणि तिन्हीसांजेला एकटी बापाजवळ डबा बडवत बसते. मामा, मला हे बघवत नाही. मी एकदाच गेलो आणि परत येताना एस्टीत तोंडावर टॉवेल घेऊन बसलो.

दसऱ्याच्या सुमारास ती इथं आली, चहाला हात लावला नाही आणि म्हणाली, "दोड्डप्पा, डुकरानं आमच्या अप्पाला एकदा फाडलंय. परत फाडू देणार न्हाय मी. मला बंदूक पायजे." आता तुम्हीच सांगा, थोरल्या काकानं यावर काय म्हणायचं असतं? आपण कांदासुद्धा श्रावणात वर्ज्य करणारी माणसं. घरात बंदूक आहे खरी, आजोबांची बारा बोअरची दुनळी, पिकाच्या राखणीसाठी घेतलेली. पण साठ वर्षांत तिनं एक जीव घेतलेला नाही. खंडेनवमीला तिला विभूतीचे तीन पट्टे ओढायचे, झेंडूची माळ घालायची, हुग्गीचा नैवेद्य दाखवायचा आणि वर्षातून दोनदा आभाळात बार काढायचा, एवढाच तिचा संसार. (एकदा ती खालच्या दिशेला सुटली, ती नागम्माआत्याच्या लोणच्याच्या बरणीवर. आत्या तेव्हापासून आपल्याकडं जेवत नाही.) तरी वनखात्यानं डुक्कर मारायची लेखी परवानगी दिली. मठातल्या स्वामीजींना पाप-पुण्याचं विचारलं. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि शेवटी, मठाच्या भुईमुगातही डुकरं येतात, मुलगी तिकडं कधी येऊ शकेल, एवढंच विचारलं.

मग मी नव्या पेठेच्या पलीकडं लाडलेसाबांच्या बंदुकीच्या दुकानात गेलो. सत्तरीचे गृहस्थ, दुकानात बंदुका कमी आणि उदबत्तीचा वास जास्त. मी म्हणालो, नवख्या हाताला चालेल, डुक्कर पडेल, पण मागं धक्का मारणार नाही अशी रायफल दाखवा. त्यांनी विचारलं, "कंधा किसका है, वो पैले बोलो." पुतणीचा म्हटल्यावर तिला घेऊन या म्हणाले. पण लग्नाच्या वयाची मुलगी बंदुकीच्या दुकानात उभी केली तर तिला पुढं स्थळं कुठली येणार, म्हणून मी माप तोंडीच सांगितलं. मामा, मी तीस वर्षं टॉवेल विकतो. माझ्या तोंडून निघून गेलं, की तीस बाय साठच्या टॉवेलात सहज गुंडाळली जाईल, टोकं उरतील. लाडलेसाबांनी चष्मा काढून पुसला आणि पुढं माझ्याशी जरा हळू बोलायला लागले.

त्यांनी जे समजावलं त्यातून माझी झोप गेली. पॉइंट टू-टूची रायफल म्हणे धक्का देतच नाही, पोर हसत हसत चालवेल, पण त्या गोळीनं रानडुक्कर मरत नाही, चिडतं. आणि चिडलेल्या डुकराचं काय होतं ते आपल्याला शिकवायला नको. तीनशे पंधराची घेतली तर डुक्कर जागेवर बसतं, आणि नीट न धरणारा माणूसही. मी म्हटलं, मग हलकी बघून द्या. तर हलक्या बंदुकीचा धक्का जास्त आणि जड बंदुकीचा कमी! हे ऐकून मला देवाचा राग आला. ज्याला जड उचलत नाही त्यालाच हलकीनं मारायचं, ही काय व्यवस्था झाली? उपाय म्हणून दस्त्याला, म्हणजे खांद्याला टेकतं त्या लाकडाला, मागं रबराची गादी लावायची आणि दस्ता तिच्या हाताच्या मापानं इंचभर कापायचा, असं ते म्हणाले. कापलेला तुकडा आपल्याला मिळेल ना, असं मी सवयीनं विचारलं. तुमच्या भाचेसुनेला, हेमावतीला, घरी येऊन हे सगळं सांगितलं, तर तिनं दुसऱ्या दिवशी जुन्या सोलापुरी चादरीचे आठ पदर घालून, कापूस भरून, नाड्या लावून दस्त्यासाठी उशी शिवली. वर मोर आला आहे. बंदुकीच्या शेपटाला मोर, असं आता आपलं चित्र आहे.

रायफलीचा नवा परवाना श्रीदेवीच्या नावानं यायला महिने लागतील. तोवर ही ज्वारी हुरड्याला येऊन, भाकरी होऊन, पचलेलीसुद्धा असेल. दुनळीच्या परवान्यावर माझं नाव आहे आणि प्रभु गेल्यावर राखणदार म्हणून आता श्रीदेवीचं घातलं आहे. म्हणजे तोवर तिला दुनळीच वापरायची. पण ती खांद्याला लावू द्यायची तर धक्का किती बसतो हे आधी आपण सोसून बघावं, असं मला वाटलं. (हेमावतीला वाटलं नाही. तिनं तसं सांगितलंही.) तीन आठवड्यांपूर्वी मी रानात गेलो, दुपारच्या उन्हात विहिरीकडं पाठ करून उभा राहिलो, मोराची उशी बांधली आणि दस्ता खांद्याला टेकवला. आता मामा, तुम्ही सैन्यात गेलात तेव्हा पहिल्या दिवशी तुमच्या गळ्यातलं सगळं काढून ठेवायला लावलं असेल. मला कुणी लावलं नाही. अंघोळ, पूजा, विभूती करून गेलो होतो, आणि गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी दोरा लांब असल्यामुळं सदऱ्याच्या आत उजवीकडं सरकून बरोबर त्या खळग्यात बसली होती, जिथं दस्ता बसतो. उशीमुळं मला काही टोचलं नाही. मी नमः शिवाय म्हटलं आणि घोडा ओढला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. बार झाला, बांधावरच्या टिटव्या उडाल्या, डबी हाडावर आपटली आणि हाड मोडलं. मी बसलो, म्हणजे मला बसवलं गेलं. डबीला एक पोचा आला; आतलं लिंग सुखरूप आहे, ते मी आधी उघडून बघितलं आणि मग बेशुद्ध पडलो. श्रीदेवीनं मला शेजारच्यांच्या टेम्पोत टॉवेलांच्या गठ्ठ्यासारखं घालून सोलापूरला आणलं. दवाखान्यात हाडाच्या डॉक्टरांनी कारण विचारलं, मी देवाचं नाव घेतलं. त्यांनी कागदावर 'घरी पडून' असं लिहिलं. माझ्या वयाचा, नव्वद किलोचा माणूस एका बाराला असा झाला, मग त्या पोरीचं काय होईल? म्हणून सांगतो, मामा, मला तिच्यासाठी अशी रायफल हवी आहे जी डुकराला मारेल आणि तिला मारणार नाही. तीस तारखेच्या सोमवारी आम्ही अर्ज देणार आहोत आणि अर्जात हत्याराचा प्रकार लिहावा लागतो. कोणती बोअर, किती वजन, दस्ता किती, तुमच्या अनुभवानं स्वच्छ अक्षरात लिहून कळवा. लाडलेसाब चांगले आहेत, पण ते मला आता टॉवेलवाला म्हणूनच बघतात.

मामींना नमस्कार. प्रकृतीची काळजी घ्यावी. सिद्धेश्वर महाराज तुमचा गुडघा लवकर बरा करोत.

आपला आज्ञाधारक भाचा,
सिद्धाराम

ता. क. हेमावती म्हणते, मोराची उशी तुम्हाला गुडघ्याखाली घ्यायला पाठवावी. मी नको म्हटलं आहे, तिला दारूचा वास येतो. बंदुकीच्या.

ता. क. दुसरा. मामा, रायफलीचं नाही कळवलंत तरी चालेल. खरं ते आता लिहितो. उन्हाळ्यातल्या निवडणुकीच्या आधी नेहमीप्रमाणं दुनळी पोलीस ठाण्यात जमा केली होती. निकाल लागल्यावर ती परत न्यायची असते आणि परवाना माझ्या नावावर, त्यामुळं माझ्याच सहीनं मिळते. प्रभुनं तीनदा फोन केला. जूनमध्ये लग्नसराईचा माल होता. जुलैत पाऊस होता. ऑगस्टमध्ये मी त्याला म्हणालो, साठ वर्षांत त्या बंदुकीनं काय मारलंय की तुला एवढी घाई झालीय? आणि तो हसला. भाद्रपदात तो मक्यात काठी घेऊन गेला. त्याला पुरल्यावर पाचव्या दिवशी मी बंदूक आणली, दहा मिनिटांत मिळाली. मध्ये पुन्हा निवडणूक आली, पुन्हा जमा केली, आणि त्या वेळी निकालाच्या दुसऱ्या दिवशी ठाण्याचा शिपाई यायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसलो होतो. नव्या अर्जाला ठाण्याच्या नोंदवहीचा उतारा जोडावा लागतो. त्यात जमा केल्याची आणि नेल्याची तारीख आहे. सोमवारी श्रीदेवी तो वाचेल. त्याआधी तिला कुणीतरी सांगायला हवं, आणि मी तिच्यासमोर तोंड उघडलं की रायफलीबद्दलच बोलायला लागतो. तुम्ही या, मामा. तिला तुम्ही सांगा.

शिवानंदमुत्त्या, शरणु. मी तुमची नात श्रीदेवी. दर गुरुवारी मी आईचं औषध न्यायला सोलापूरला येते. एवढं लिहून दोड्डप्पांची बोटं आखडली, पत्ता लिहिता येईना, म्हणून पाकीट माझ्याकडं दिलं. चिकटवायच्या आधी मी वाचलं.

नोंदवहीचा उतारा मी दिवाळीच्या आधीच काढून आणला आहे. तारखा मला पाठ आहेत. अर्जात हत्याराचा रकानाही भरला आहे, तीनशे पंधरा, दस्ता कमी करून. कॉलेजात एनसीसीला रायफल चालवली आहे. दोड्डप्पांना ते माहीत आहे, पण ते विसरतात. त्यांच्या दवाखान्यानंतर दुनळीचे पाच बार मी काढले. खांदा दोन दिवस काळानिळा होता, आता बरा आहे.

त्या दिवशी दस्ता लिंगाच्या डबीवर टेकला होता, ते मला दिसत होतं. सदऱ्यातून कोपरा वर आला होता. सांगायला पुष्कळ वेळ होता, कारण ते आधी मंत्र म्हणत होते. मी सांगितलं नाही. हाड मोडलेलं ऐकू आलं तेव्हा मला बरं वाटलं. मग टेम्पोत ते शुद्धीवर आले, डोकं माझ्या मांडीवर होतं आणि सगळ्या रस्त्यानं ते एकच म्हणत होते, बरं झालं माझ्यावर गेलं, पोरीचा खांदा वाचला.

मुत्त्या, तुम्ही याच. मला सांगायला नको. माझं हे त्यांना सांगा.