कोणती बाजू?

ती. स्व. भाऊजी,

शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सगळं ठीक. तुमचा गुडघा, ताईचा राग आणि तुमची स्कूटर, तिन्ही आता कमी कुरकुरत असतील अशी आशा आहे.

आमच्या सेंटरवर (सकाळी या, कापून घ्या, संध्याकाळी घरी जा, असं आमचं दुकान) मंगळवारी परवान्याची तपासणी झाली. तपासणीच्या बाईंनी चष्म्यावरून बघत फर्मावलं की खोटा पेशंट दाखल करून सगळी पद्धत दाखवा. खोटं काही करायचं म्हटलं की सगळे मॅनेजरकडे बघतात. मॅनेजर मी. मग काय, भुवयांपर्यंत टोपी ओढून, तो हिरवा झगा घालून (इज्जत पुढून झाकली की मागून जाते) एका रिकाम्या खाटेवर आडवा झालो.

खाट रिकामी होती, कारण तिच्यावरच्या टेम्पोवाल्यानं ‘उपाशीपोटी या’ याचा अर्थ ‘चहा-बिस्किटांवर भागवा’ असा घेतला होता आणि मोठ्या सिस्टरनी त्याला घरी पिटाळलं होतं. हे आमच्या भूलतज्ज्ञांना कुणी सांगितलंच नाही. ते बिचारे चार दवाखाने पळत पळत करतात, पेशंटचा चेहरा बघायला सवड कुठली! वॉर्डबॉयनं मलाच टेम्पोवाला समजून थिएटरात नेलं. मला वाटलं, वा, काय अभिनय चाललाय! दंडाला पट्टा बांधला तरी मी कौतुकानंच बघत होतो. सुई दिसली तेव्हा मात्र पाचावर धारण बसली.

“अहो, मी मॅनेजर आहे!” मी ओरडलो.

“असू दे,” सिरिंजला टिचकी मारत ते म्हणाले, “कालचा तर मंत्री होता.”

“थांबा!” मोठ्या सिस्टर कडाडल्या. सुईआधी पेशंटनं स्वतःच्या तोंडानं नाव, ऑपरेशन आणि बाजू सांगायची, हा त्यांचा हट्ट. (सर्जन त्याला ‘शाळेतली हजेरी’ म्हणतात.) “बोला, कोणती बाजू? डावी की उजवी?”

“मॅनेजमेंटची!”

सिस्टरनी माझी टोपी मागे सारली. “अगोबाई, साहेब!” भूलतज्ज्ञ हातातल्या सिरिंजकडे, जणू ती दुसऱ्या कुणाची असावी, असे बघू लागले. सर्जन धुतलेले हात वर धरूनच आत आले, त्यामुळे शरण आल्यासारखे दिसले. हाही नाटकाचाच भाग होता असं मी बाईंना सांगणार होतो, पण दात वाजत होते.

बाई म्हणाल्या, “शेवटचं मिनिट उत्तम. त्याआधी सगळा आनंद आहे.”

परवाना वाचला. पण आता मनगटावर नावाची पट्टी आणि कापायच्या जागी खूण असल्याशिवाय पेशंट आत न्यायचा नाही, आणि भूलतज्ज्ञांनी आधी वॉर्डात येऊन त्याच्याशी बोलायचं. ते बोलतात. प्रत्येकाला विचारतात, “तुम्ही मॅनेजर तर नाही ना?”

ताईला नमस्कार, पोरांना गालगुच्चे.

आपला मेहुणा

ता. क. आता खरं काम. सर्जननी माझी टर उडवायला म्हणून पोट दाबलं, तर खराच हर्निया निघाला. शुक्रवारी माझंच ऑपरेशन. घरी न्यायला आणि रात्री सोबतीला एक जबाबदार प्रौढ माणूस लागतो, असा नियम आहे. आईला घाबरवायचं नाहीये. तुम्ही याच.

दुसरा ता. क. ‘जबाबदार’बद्दल मी सिस्टरशी बोललोय. नुसते प्रौढ असलात तरी चालवून घेईन म्हणाल्या.